स्मृती आणि शब्द

येरळा नदीच्या काठी वसलेले वडूज हे सातारा जिल्ह्यातील खटाव तालुक्याचे मुख्य ठिकाण होय. तेथील एखाद्या विद्यार्थ्यास पुढील नऊ अक्षरे एकदाच ऐकवून त्याच क्रमाने म्हणावयास सांगितली, तर त्याची त्रेधा उडेल : टा, ज, ये, व, ख, ळा, डू, व, र. परंतु हीच अक्षरे ‘येरळा, वडूज, खटाव’ अशी लावली, की ती त्यास तत्काळ पाठ होतात. अक्षरे तीच, संख्याही तीच. मग एवढा फरक का पडावा?

नुकतीच ऐकलेली गोष्ट प्रथम अल्पकालीन स्मृतीत राहते. ही जागा फार लहान असते. तिच्यात एका वेळी सुमारे सात घटक मावतात, असे जॉर्ज मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५६ साली प्रतिपादन केले. पुढील संशोधकांच्या मते तर ही संख्या चाराच्या आसपासच आहे. मात्र घटक म्हणजे सुटे अक्षरच असावे असे नाही; ओळखीचा शब्द हाही एकच घटक ठरतो. ज्वारीची सुटी ताटे कवेत मावत नाहीत. तीच पेंढीत बांधली, की सहज उचलता येतात. स्मृतीचेही तसेच आहे.

ही पेंढी बांधण्याचे काम भाषा करते. ध्वनींची अक्षरे, अक्षरांचे शब्द व शब्दांची वाक्ये होतात. एकट्या ध्वनीस बहुधा अर्थ नसतो. पण तो बदलताच अर्थ पालटतो. ‘माती’तील एकच स्वर बदलला, की ‘मोती’ होतो!

जर्मन शास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस याने निरर्थक अक्षरसमूह पाठ करून स्वतःवरच प्रयोग केले व १८८५ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. पाठ केलेले प्रथम झपाट्याने व नंतर सावकाश विसरले जाते, असे त्यास आढळले. थोड्या थोड्या दिवसांच्या अंतराने उजळणी केल्यास मात्र ते दीर्घकाळ टिकते. अर्थ, लय आणि आवृत्ती यांच्या बळावरच महाराष्ट्रातील निरक्षर स्त्रियांनी जात्यावरच्या असंख्य ओव्या पिढ्यान्‌पिढ्या मुखोद्गत ठेवल्या.

९ सप्टेंबर १९४२ रोजी वडूजच्या कचेरीवर स्वातंत्र्यासाठी मोर्चा निघाला. पोलिसांच्या गोळीबारात परशुराम घार्गे यांच्यासह नऊ जण हुतात्मे झाले. आज शाळेत शिकणाऱ्या एकाही मुलाने तो दिवस पाहिलेला नाही. तरीही तो त्यांच्यापर्यंत पोहोचला आहे. कारण ज्यांनी तो पाहिला, त्यांनी तो शब्दांत सांगून ठेवला. माणसाबरोबर त्याची स्मृती लोपते. पण शब्दांत बांधलेली स्मृती पुढच्या पिढीच्या हाती येते. ती जपणे, न जपणे हे त्या पिढीवर अवलंबून असते.