माशीने धरायचा मासा



कोकणात खाडीवर गरी टाकून बसलेली माणसे आपण सर्वांनीच पाहिली आहेत. गरीला कोलंबी लावायची, पाण्यात सोडायची आणि वाट पाहायची. ट्राउट धरण्याची एक रीत मात्र निराळी आहे. तिला फ्लाय फिशिंग म्हणतात, म्हणजे माशीने मासा धरणे. ही माशी खरी नसते. बारीक गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून ती बनवतात. तिला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून वजन दोरीत ठेवलेले असते. लवचीक काठीने दोरी मागेपुढे झुलवली की ती हवेत उलगडते आणि टोकाची माशी पाण्यावर अलगद उतरते. धप्पकन पडली, तर मासा पळालाच.

ट्राउट थंड, स्वच्छ, वाहत्या पाण्यात राहतो. खाद्य वरून वाहत येते, म्हणून तो प्रवाहाकडे तोंड करून असतो. गळवाला खालच्या अंगाने, त्याच्या पाठीमागून जातो. नदीवर कोणते किडे उडत आहेत ते पाहून तशीच माशी निवडतो.

भारतात या मासेमारीसाठी काश्मीर प्रसिद्ध आहे. पण हा मासा मूळचा तिथला नाही. १८९९ साली विलायतेहून आलेली त्याची अंडी वाटेतच नासली. १९०० साली दुसरी खेप सुखरूप पोचली आणि मासा तिथलाच होऊन गेला.

तरुणपणी मी पहलगामला लिडर नदीवर तीन दिवस घालवले. तिथे परवाना घ्यावा लागतो आणि नदीचा ठरावीक भाग मिळतो. बरोबरचे काश्मिरी चाचा रोज आधी तासभर खडकावर बसवून नुसते पाणी पाहायला लावत. दोन दिवस हाती काही आले नाही. तिसऱ्या दिवशी दोन मासे मिळाले. आठवतो तो मात्र तो पाणी पाहण्याचा तास.

केवळ गंमत म्हणून जिवाला त्रास द्यावा का, हा प्रश्न उरतोच. अठराव्या शतकात प्रागचे रब्बी येहेझकेल लांदाऊ यांना शिकारीविषयी असेच विचारले होते. पोटासाठी असेल तर गोष्ट वेगळी, पण मौजेखातर शिकार करणे ज्यू माणसाला शोभत नाही, असे त्यांनी कळवले. मला ते पटते. जेवढे खायचे, तेवढेच धरावे.

ट्राउट काशेर आहे का, असे पुष्कळजण विचारतात, कारण त्याचे खवले फार बारीक असतात. दाविद रहाबींनी आपल्या बायकांपुढे मासळी ठेवली आणि त्यांनी बिनखवल्यांची बाजूला काढली, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. तीच परीक्षा इथेही करता येते. इस्राएलात दान नदीच्या पाण्यावर ट्राउट पाळतात. बाजारात त्याला फोरेल म्हणतात. कातडीसकट घ्या आणि सुरीची बोथट बाजू शेपटीकडून डोक्याकडे फिरवा. खवले सुरीवर दिसतील.