सातबारा आणि निरोपाच्या खेपा

पीककर्जाचे दिवस आले, की संग्रामपूर तालुक्यातील शेतकऱ्याला सातबारा काढावा लागतो. पूर्वी तलाठी तो हाताने लिहून देत. पुढे नोंदी संगणकात गेल्या आणि १ मे २०१८ पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा उतारा मिळू लागला. नोंद मागणारा संगणक आणि नोंदी सांभाळणारा संगणक (त्याला सर्व्हर म्हणतात) यांनी एकमेकांशी बोलायचे कोणत्या पद्धतीने, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. या पद्धतीला प्रोटोकॉल म्हणतात. खिडकीसमोरची रांग किती वेळ खोळंबेल, हे काही अंशी त्यावर अवलंबून असते.

समजा, संग्रामपुरात असे एक कार्यालय आहे. ही मांडणी आम्ही केवळ समजण्यासाठी कल्पिली आहे.

मागणारा प्रोग्राम आणि नोंदी एकाच संगणकात असतील, तर प्रश्न सोपा आहे. एकाने फळ्यावर लिहावे, दुसऱ्याने वाचावे, तशी स्मृतीतील एक जागा दोघे मिळून वापरतात. तारेची गरजच नाही.

आता सर्व्हर शेजारच्या खोलीत नेऊ. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये येथे दोन मुख्य पर्याय मिळतात : नेम्ड पाइप आणि टीसीपी. नेम्ड पाइपची रीत विचारून विचारून घेण्याची. ‘काही आले आहे का?’ असे आधी पाहायचे, मग वाचायचे, मग पुन्हा पाहायचे. टीसीपीत पाठवणारा प्रत्येक तुकड्याच्या पोचपावतीसाठी थांबत नाही; ठरावीक मर्यादेपर्यंत एकामागून एक तुकडे पाठवत राहतो. खोलीतल्या खोलीत एक खेप मिलिसेकंदाच्याही आत होते, त्यामुळे या दोहोंत जाणवण्याजोगा फरक पडत नाही. गल्लत होते ती येथेच. खोलीत उत्तम चाललेली पद्धत गावाबाहेरही तशीच चालेल, असे आपण धरून चालतो.

सर्व्हर मुंबईला नेऊन पाहा. सरळ रेषेत अंतर सुमारे ४५० किलोमीटर. काचतंतूत प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन येऊन ९०० किलोमीटरला किमान ४.५ मिलिसेकंद. प्रत्यक्षात तार वळणे घेत जाते, वाटेत यंत्रेही थांबवतात, म्हणून वेळ याहून जास्तच लागतो. तारेऐवजी भूस्थिर उपग्रह वापरला, तर तो सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर. मागणी वर-खाली, उत्तर वर-खाली, एकूण १,४४,००० किलोमीटर. वेळ जवळजवळ अर्धा सेकंद. एका उताऱ्यासाठी २० खेपा लागल्या, तर सुमारे १० सेकंद नुसत्या वाटेतच गेले! जास्त वेगाची जोडणी घेतली म्हणून हा वेळ कमी होत नाही, कारण प्रकाशाचा वेग विकत घेता येत नाही. खेपाच कमी करायला हव्यात. म्हणून दूरच्या सर्व्हरसाठी टीसीपीच निवडावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. मात्र प्रोग्राम एकेक ओळ स्वतंत्रपणे मागत असेल, तर टीसीपीचाही इलाज चालत नाही.

टीसीपी हरवलेला तुकडा पुन्हा पाठवतो आणि क्रम बिघडू देत नाही. तरी एक गोष्ट त्याच्याही हातात नाही. फेरफाराची नोंद करण्याची आज्ञा पोचली, नोंद झाली, आणि ‘झाली’ हा निरोप परत येण्याआधी जोडणी तुटली. आता मागणाऱ्याला कसे कळावे? आज्ञा पुन्हा दिली तर एकच नोंद दोनदा होण्याचा धोका. न द्यावी, तर मुळीच न होण्याचा. जमिनीच्या कागदात दोन्ही चुका महाग. यासाठी प्रत्येक मागणीला आधीच स्वतंत्र क्रमांक द्यावा आणि जोडणी पुन्हा मिळताच प्रथम त्या क्रमांकाची चौकशी करावी. हे काम प्रोटोकॉलचे नाही, प्रोग्राम लिहिणाऱ्याचे आहे.

शाळेत संगणक असेल, तर ‘पिंग’ ही आज्ञा निरनिराळ्या संकेतस्थळांना देऊन पाहा. एका खेपेचा वेळ पडद्यावर दिसतो. काही सर्व्हर उत्तर देत नाहीत, तेव्हा दुसरा निवडावा. परदेशी संकेतस्थळाकडून तारेच्या जोडणीवर ६ मिलिसेकंदांत उत्तर आले, तर ते जास्तीत जास्त ६०० किलोमीटरवरून आलेले असणार. मग ते खरोखर परदेशातून आले का, हे विद्यार्थ्यांना नकाशा घेऊन शोधायला सांगा.