एकदाच करायचे काम, वीस ठिकाणी

एका संगणकावर निराळ्याच घडणीचा दुसरा संगणक केवळ सॉफ्टवेअरच्या बळावर उभा करणाऱ्या प्रणालीला एम्युलेटर म्हणतात. फाब्रिस बेलार या फ्रेंच प्रोग्रामरने २००३ मध्ये लोकांसमोर ठेवलेला क्यूएमू हा मुक्तस्रोत एम्युलेटर, म्हणजे ज्याचा मूळ कोड कोणालाही वाचता आणि बदलता येतो असा एम्युलेटर, आज एआरएम, पॉवरपीसी, स्पार्क अशा अनेक कुळांतील प्रोसेसरांचे रूप घेऊ शकतो. त्यात प्रोसेसर म्हणजे स्मृतीतील माहितीचा एक साठा असतो, आणि पहिली आज्ञा चालवण्यापूर्वी त्याला ठरलेल्या आरंभस्थितीत आणावे लागते.

पाहुण्या, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या, प्रोसेसरच्या आज्ञांचे यजमान, म्हणजे खऱ्या, प्रोसेसरच्या आज्ञांमध्ये रूपांतर करणारा क्यूएमूचा अनुवादक टीसीजी या नावाने ओळखला जातो, आणि पाहुण्याचे रजिस्टर, म्हणजे आकडेमोडीसाठी प्रोसेसरच्या आत असलेल्या जागा, कोणते हे त्याला एकदाच सांगावे लागते. प्रोसेसर घडवणारे फंक्शन मात्र प्रत्येक प्रोसेसरसाठी चालते, आणि यंत्रात चार प्रोसेसर असले तर ते चारदा चालते. म्हणून प्रत्येक कुळाच्या कोडमध्ये अनुवादक चालू आहे का आणि ही तयारी आधीच झाली आहे का, हे तपासून तशी खूण करणाऱ्या त्याच त्या ओळी लिहिलेल्या होत्या. जुन्या कुळाचा कोड समोर ठेवून नवे कूळ लिहिले जाते, त्यामुळे ही पुनरुक्ती सुमारे वीस कुळांत पसरली. २०१७ मध्ये ही तयारी केव्हा करायची हा निर्णय सामाईक कोडकडे सोपवण्यात आला, आणि प्रत्येक कुळाकडे तयारीचे फक्त स्वतःचे फंक्शन पुरवण्याचे काम उरले. ही सुधारणा निव्वळ ओळी कमी करण्यापेक्षा कितीतरी मोलाची आहे, कारण तिने जबाबदारीची जागा बदलली.

अशा पुनरुक्तीखेरीज दुसऱ्या प्रकारची अनावश्यकता, म्हणजे काहीच न बदलणारी ओळ, ओळखताना अधिक सावध राहावे लागते. क्यूएमूमध्ये प्रोसेसरसारखी वस्तू निर्माण होतानाच तिची सारी स्मृती शून्याने भरली जाते, म्हणून त्यानंतर लगेच एखाद्या घटकाला पुन्हा शून्य देणारी ओळ निःशंकपणे काढता येते. तीच ओळ रीसेटच्या, म्हणजे चालू यंत्र पुन्हा आरंभस्थितीत नेण्याच्या, फंक्शनमध्ये असेल, तर तिथे स्मृती कोरी नसून आधीच्या कामाची मूल्ये तिच्यात शिल्लक असतात, आणि ती ओळ वगळल्यास पाहुणी यंत्रणा पहिल्यांदा नीट सुरू होऊन दुसऱ्यांदा अडखळू शकते.