पाठीला पाठ लावलेली जनुके

आपल्या बारीकातल्या बारीक रक्तवाहिनीलाही बाहेरून एक अतिपातळ अस्तर असते. त्यातले मुख्य प्रथिन म्हणजे चौथ्या प्रकारचे कोलॅजेन. त्याची रचना तिपेडी वेणीसारखी: दोन पेड अल्फा-१चे, तिसरा अल्फा-२चा. पेडांत खोट असली की अस्तर कच्चे राहते आणि मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

या दोन प्रकारच्या पेडांची जनुके माणसाच्या १३व्या गुणसूत्रावर पाठीला पाठ लावून बसलेली आहेत. एक डावीकडे वाचले जाते, दुसरे उजवीकडे. मधे डीएनएची जेमतेम सव्वाशे अक्षरे, आणि तोच दोघांचा सामाईक प्रवर्तक, म्हणजे वाचन जिथून सुरू होते तो प्रमोटर. १९८८मध्ये हे उघड झाले, तेव्हा वाटावे की कोणते जनुक किती वाचायचे, या वाटणीचा प्रश्न मिटला. पण हा तुकडा एकटाच दुसऱ्या जनुकापुढे जोडून पाहिला, तर तो कोणत्याच दिशेला काम करेना! त्याला जोर मिळतो तो आजूबाजूच्या, अगदी जनुकांच्या पोटातल्या डीएनएकडून. प्रवर्तक एक असला, तरी कोणाचे किती वाचायचे हे तो एकटा ठरवत नाही.

अशा जोड्या थोड्याथोडक्या नाहीत. २००४मधल्या एका मोजणीत माणसाची दहा टक्क्यांहून जास्त जनुके हजार अक्षरांच्या आतल्या अंतरावर अशी पाठमोरी सापडली. डीएनएची दुरुस्ती करणारी जनुके त्यांत बरीच. पुष्कळ जोड्या एकदमच चालू-बंद होतात. काहींत मात्र एक वाढले की दुसरे घटते. त्यामुळे ही जनुके अशी का बसली, याला ‘सोयीसाठी शेजार’ हे उत्तर मला अपुरे वाटते. २००८मध्ये तर असे दिसले, की सस्तन प्राण्यांत एकट्या जनुकांचे प्रवर्तकही बहुधा दोन्ही दिशांना वाचन सुरू करतात. उलट दिशेचा आरएनए लगेच नष्ट होतो, इतकेच. म्हणजे दुतर्फा वाचन ही मुळातलीच खोड असावी.

या शेजाराचा फटका आतड्याच्या कर्करोगात दिसतो. एमएलएच१ हे डीएनए-दुरुस्तीचे जनुक. त्याच्या सामाईक प्रवर्तकावर मिथाइल गट चढले, की तेही गप्प आणि पाठीमागचे जनुकही गप्प. म्हणून गाठीत एमएलएच१चे प्रथिन नसेल, तर तिथे मिथाइल गट आहेत का हे तपासतात. ते सापडले, तर दोष बहुधा आईवडिलांकडून आलेला नसतो, आणि रुग्णाच्या भावंडांना सहसा जनुकीय चाचणीच्या मागे लागावे लागत नाही.