होडीसाठी बिनतारी ट्रोलिंग मोटर निवडताना

ट्रोलिंग मोटर म्हणजे होडी सावकाश आणि फारसा आवाज न करता चालवणारी, बॅटरीवरची छोटी विद्युत मोटर. बिनतारी प्रकारात ती रिमोटवरून वळवता येते, त्यामुळे दोन्ही हात जाळ्यासाठी किंवा गळासाठी मोकळे राहतात. भोगावती नदीवरील राधानगरी धरणासारख्या मोठ्या जलाशयात ही सोय मोलाची ठरते.

निवडीत पहिला विचार रेट्याचा. तो पौंडांत मोजतात. माणसे, जाळी व बॅटरीसह होडीच्या दर 100 किलो वजनामागे किमान 2 किलो, म्हणजे सुमारे साडेचार पौंड रेटा धरावा. 500 किलोच्या होडीला हिशेबाने 22 पौंड पुरतात. पण वारा आणि लाटांचा विचार करता 40 ते 55 पौंडांची मोटर घेणे शहाणपणाचे. या ताकदीपर्यंत 12 व्होल्टची बॅटरी चालते; त्यापुढे साधारणपणे 24 किंवा 36 व्होल्ट लागतात.

55 पौंडांची मोटर पूर्ण वेगात सुमारे 50 अँपिअर वीज ओढते. म्हणजे 100 अँपिअर-तासांची बॅटरी जेमतेम दोन तास टिकेल. वेग कमी ठेवल्यास बराच जास्त वेळ. गाडीची बॅटरी इथे लवकर खराब होते. डीप सायकल (वारंवार बरीच उतरवून पुन्हा चार्ज करता येणारी) किंवा लिथियम बॅटरीच घ्यावी. लिथियम महाग, पण वजनाने निम्म्याहून हलकी असते.

मोटरचा दांडा इतका लांब हवा, की लाटेवर होडी उचलली तरी पंखा पाण्याबाहेर येणार नाही. जीपीएस असलेली मोटर नांगर न टाकता होडी एका जागी धरून ठेवते. रिमोट जलरोधक असावा. तो पाण्यात पडल्यास होडी हाकायला वल्हे सोबत हवेच.