उपग्रह आणि रुळावरचा माणूस

धावती आगगाडी या क्षणी नेमकी कोठे आहे, हा रेल्वेचा फार जुना प्रश्न. आमच्या कोल्हापुरास १८९१ साली मिरजेहून रेल्वे आली. पुढे कित्येक पिढ्या एका स्टेशनमास्तराने दुसऱ्यास विचारावे, ‘लाइन क्लिअर’ घ्यावी, मगच गाडी सोडावी, असा रिवाज चालला. दोन स्टेशनांच्या मध्ये गाडी शिरली की ती जणू नाहीशीच होई.

ही मधली जागा उपग्रहाने उजेडात आणली. सुमारे २०,००० किलोमीटर उंचीवरून जीपीएसचे उपग्रह आपल्या घड्याळातली वेळ सारखी सांगत असतात. निदान चार उपग्रहांचे संदेश किती उशिरा पोचले, यावरून इंजिनातले यंत्र आपली जागा काढते. हिशेब मोठा नाजूक. सेकंदाच्या दहालाखाव्या भागाची चूक म्हणजे ३०० मीटरांची चूक.

१९९९ साली गैसळ येथे दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. त्यानंतर कोकण रेल्वेने, बी. राजाराम यांच्या पुढाकाराने, टक्करविरोधी यंत्र तयार केले. इंजिने सुमारे ३ किलोमीटरांच्या आत आली की यंत्रे बिनतारी संदेशाने एकमेकांस ओळखीत आणि धोका दिसल्यास ब्रेक लावीत. पण शेजारच्या दोन मार्गांत अंतर पाचएक मीटरांचे, आणि साध्या जीपीएसची चूकही जवळपास तेवढीच. मग समोरची गाडी आपल्याच रुळावर आहे की बाजूच्या, हे खात्रीने कसे सांगावे? बोगद्यात तर आकाशच दिसत नाही, आणि एकटा करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरांचा! म्हणून आजच्या ‘कवच’ पद्धतीत रुळांमध्ये बसविलेल्या खुणा वाचून इंजिन आपला मार्ग ओळखते. उपग्रहाकडे मुख्यतः खबर देण्याचे काम राहिले. इस्रोच्या साहाय्याने इंजिनांवर बसविलेली यंत्रे दर ३० सेकंदांनी जागा व वेग नियंत्रण कक्षाला कळवितात.

आता रुळावरच्या माणसाचे पाहू. २२ जून २००३ रोजी आमच्या घाटाखालच्या वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दगडांमुळे गाडी घसरून पन्नासावर माणसे दगावली. असा दगड जीपीएसला दिसत नाही. तो पावसात गस्त घालणाऱ्या कामगाराला दिसतो. त्या कामगाराच्या हातीही आता ठिकठिकाणी जीपीएस यंत्र आले आहे. तो ठरलेले अंतर चालला की नाही, हे साहेबांना कचेरीत बसून कळते. कळू द्या, प्रामाणिक माणसाला त्याचे भय नाही. पण मुसळधार पावसात, वळणावर, मागून आलेली गाडी त्याला ऐकू येत नाही. इंजिनाची जागा कचेरीत ठाऊक, याचीही ठाऊक. तर गाडी जवळ आल्याचा इशारा त्याच यंत्रावर त्याला मिळालाच पाहिजे. आमच्या मते मागणीपत्रातले पहिले कलम हेच असावे, पगाराच्याही आधी.