पॉवर मॉस्फेटची निवड : गैरसमज आणि वस्तुस्थिती

बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात विजेवर चालणाऱ्या तीनचाकी तयार होतात. इंदापूरकडच्या द्राक्ष-डाळिंबाच्या बागांत बॅटरीचे फवारणी पंप फिरतात. अशा मोटरींची गती सांभाळण्याचे काम पॉवर मॉस्फेटचे. दुकानात सहज मिळणारा आयआरएफझेड४४एन उदाहरणाला घेऊ.

गैरसमज : ४९ अँपिअरचा आहे, म्हणजे ४९ अँपिअर सोसेल.
वस्तुस्थिती : हा आकडा आवरण २५ अंशांवर थंड राखले तरचा आहे. इंदापूरचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. हीटसिंक नसेल तर दर वॅटमागे आतले तापमान ६२ अंशांनी चढते. १७.५ मिलिओहम रोधातून १० अँपिअर गेले की पावणेदोन वॅट उष्णता, म्हणजे १०८ अंशांची वाढ. हवेचे ४२ मिळवले की झाले १५०. तापल्यावर रोधही वाढतो आणि १७५ अंशांची मर्यादा मोडते. म्हणून हीटसिंकचा हिशेब आधी करावा.

गैरसमज : गेटला ४ व्होल्ट दिले की मॉस्फेट पूर्ण चालू.
वस्तुस्थिती : २ ते ४ व्होल्ट हा केवळ उंबरठा, तिथे जेमतेम पाव मिलिअँपिअर वाहतो. १७.५ मिलिओहमची हमी गेटला १० व्होल्ट मिळाल्यावरची. आर्डुइनोच्या ५ व्होल्टवर चालवायचा तर आयआरएलझेड४४एन घ्यावा. ईएसपी३२च्या ३.३ व्होल्टला मात्र त्याचीही हमी नाही.

गैरसमज : गेट प्रवाह घेत नाही, मग ड्रायव्हर कशाला?
वस्तुस्थिती : स्थिर असताना घेत नाही, हे खरे. पण दर वेळी चालू होताना गेटमध्ये ६३ नॅनोकूलंबपर्यंत विद्युतभार भरावा लागतो. २० मिलिअँपिअर देणाऱ्या पिनला त्यासाठी सुमारे ३ मायक्रोसेकंद लागतात, रिकामा करायला तेवढेच. सेकंदाला २० हजार वेळा चालू-बंद करताना एक फेरी ५० मायक्रोसेकंदांची. त्यातले ६ यातच गेले, तर अर्धवट चालू अवस्थेत मॉस्फेट भाजून निघतो.

गैरसमज : सर्किट १२ व्होल्टचे आहे, तेव्हा जास्त दाबाची भीती नाही.
वस्तुस्थिती : १२ व्होल्टचे म्हणून विकले जाणारे सौर पॅनेल भार नसताना २१-२२ व्होल्ट देते, आणि गेटची कमाल मर्यादा २० आहे. गेटवर १५ व्होल्टचा झेनर लावावा. मोटर बंद होताना उलटा झटका येतो, त्यासाठी मोटरला समांतर डायोड हवाच.

डेटाशीटच्या पहिल्या पानावरचा प्रत्येक मोठा आकडा एखाद्या अटीवर उभा असतो. ती अट आपल्या शेतात, आपल्या बंद डब्यात पाळली जाणार आहे का, हे तपासूनच मॉस्फेट निवडावा.